रिकाम्या पिंपात काय असतं?

गेल्या काही वर्षांत स्टीलच्या ड्रमला एकाएकी सौंदर्य प्राप्त झालंय. समोरून कापून आत गादी टाकली की सोफा, आडवा चिरला की कुंडी, वर भांडं आणि नळ बसवला की वॉशबेसिन, नुसती काच ठेवली की कॉफीचं टेबल. याला 'इंडस्ट्रियल लूक' म्हणतात. रील्समध्ये त्याचा एक साचाच ठरून गेलाय. पहिले दोन सेकंद गंजलेला ड्रम, मग ग्राइंडरच्या ठिणग्या, मग पिवळा नाहीतर मोरपिशी रंग आणि शेवटी त्यावर मांडी ठोकून बसलेलं कुणीतरी.

जुनी वस्तू भंगारात न घालता वापरली, यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. माझी तक्रार त्या पहिल्या दोन सेकंदांबद्दल आहे. हा ड्रम आला कुठून, त्यात काय होतं, तो धुतला कुणी, हे सगळं त्या दोन सेकंदांच्या आधी घडलेलं असतं आणि ते कधीच दाखवलं जात नाही. जी वस्तू काहीतरी साठवण्यासाठीच जन्माला आली, ती जणू जन्मापासून रिकामीच होती अशी आपल्यासमोर येते. ड्रमपासून घडलेल्या कलाकृतींकडे आणि घरगुती जुगाडांकडे पाहताना मला हीच कसोटी कामाची वाटते: आत काय होतं हे कोण लक्षात ठेवतं आणि कोण विसरतं?

आधी वस्तू नीट बघू, कारण ती फार हुशारीने बनवलेली आहे. ड्रम म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो साधारण २०० लिटरचा: ५८ सेंटिमीटरच्या आसपास व्यास, ८८ सेंटिमीटरच्या आसपास उंची, पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. भरला की वजन दोनशे किलोच्या घरात. तरीही सराईत हमाल तो एकटा हलवतो. जरासा कलता करून काठावर गरागरा फिरवत नेतो, किंवा आडवा पाडून लोटतो. ड्रमच्या अंगावर दोन उभार कडी असतात, त्यांची करामत इथे कळते. पातळ पत्र्याला ती ताठपणा देतात आणि ड्रम आडवा केला की जमिनीला फक्त तीच टेकतात, म्हणून तो सहज घरंगळतो आणि वळतोही. लाकडी पिंपाचं पोट फुगीर असायचं ते याच कामासाठी. झाकणावर दोन भोकं असतात, एक मोठं, एक लहान. मोठ्यातून माल बाहेर येतो, लहानातून हवा आत जाते. लहान बूच उघडायला विसरलात तर तेल धारेने न येता गचके देत येतं आणि पायांवर सांडतं.

या घडणीच्या इतिहासात एक पत्रकार बाईही आहे. नेली ब्लाय. वेडाचं सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात शिरलेली, नंतर ७२ दिवसांत जगाला फेरी मारून आलेली. लग्नानंतर नवऱ्याची पत्र्याच्या वस्तूंची कंपनी तिच्याकडे आली. त्या कंपनीतल्या हेन्री वेर्‌हान यांनी १९०५ मध्ये धातूच्या पिंपाची पेटंटं मिळवली आणि ती ब्लायच्या नावे केली. शोधाचं श्रेय नेमकं कुणाचं यावर आजही वाद घालता येतो, पण आजच्या ड्रमच्या वंशावळीत हे पिंप येतं, हे नक्की.

आणखी एक गंमत. बातम्यांमध्ये कच्च्या तेलाचा भाव 'बॅरल'मध्ये सांगतात. ते बॅरल १५९ लिटरचं, म्हणजे आपल्या ड्रमपेक्षा लहान, आणि आज ते कुणी भरत नाही. तेल नळांतून आणि जहाजांतून जातं, बॅरल उरलंय फक्त हिशेबापुरतं. आपल्याकडे मात्र बॅरल, पिंप, टिपाड हे तिन्ही शब्द खऱ्याखुऱ्या, ठोकून बघता येणाऱ्या वस्तूसाठी वापरात आहेत. 'पिंप' पोर्तुगिजांकडून आला, बादली आणि घमेल्यासारखा.

आता कलेकडे. ड्रम कलेत आणणारं सर्वांत मोठं नाव म्हणजे ख्रिस्तो आणि जान-क्लोद. २७ जून १९६२ला त्यांनी पॅरिसमधली एक अरुंद गल्ली ८९ पिंपं रचून काही तास बंद केली. आदल्या वर्षी बर्लिनची भिंत उभी राहिली होती, तिला हे उत्तर होतं. पिंपं वापरलेली होती. त्यांचे रंग, तेल कंपन्यांची नावं, गंज, सगळं तसंच ठेवलं होतं. त्या कामाचे फोटो आज पाहिले तरी ती भिंत अंगावर येते. गल्लीतून जाणाऱ्याला वाट अडवली गेल्याचं दिसतं आणि ती कशाने अडवली हेही वाचता येतं.

५६ वर्षांनी, २०१८ मध्ये, ख्रिस्तोंनी लंडनच्या सर्पेंटाइन तळ्यावर 'मस्तबा' तरंगवला. प्राचीन इजिप्तमधल्या सपाट माथ्याच्या थडग्यांचा आकार, २० मीटर उंच, ७,५०६ ड्रम, लाल, निळे, जांभळट रंग. फोटोंत तो विलक्षण दिसतो आणि तळ्यात पडलेलं त्याचं प्रतिबिंब तर आणखीच. पण हे ड्रम त्या शिल्पासाठी नवे बनवून रंगवले होते. त्यांच्यात तेलाचा थेंबही कधी नव्हता. मला इथे काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. पॅरिसमधला पिंपाचा अर्थ त्याच्या डागांत होता, लंडनमध्ये पिंप म्हणजे फक्त एक गोल ठिपका उरला, पडद्यावरच्या पिक्सेलसारखा. असाच ४,१०,००० पिंपांचा मस्तबा अबू धाबीच्या वाळवंटात उभारायचं स्वप्न त्यांनी १९७०च्या दशकापासून बाळगलं होतं. तेलाच्या देशात तेलाच्या पिंपांचं थडगं ही कल्पना कागदावर जबरदस्त आहे. पण तीही चकचकीत, कोऱ्या ड्रमांची असेल तर तेलाच्या देशाला तिच्यापासून फारशी अडचण होणार नाही.

अडचण कशी होते ते सोकारी डग्लस कॅम्प या नायजेरियात जन्मलेल्या शिल्पकार बाईंच्या कामात दिसतं. नायजर नदीच्या मुखाशी राहणाऱ्या ओगोनी लोकांची जमीन आणि पाणी तेल उपशाने नासलं. त्याविरुद्ध लढणारे लेखक केन सारो-विवा आणि त्यांचे आठ साथीदार, यांना तिथल्या लष्करी राजवटीने नोव्हेंबर १९९५ मध्ये फाशी दिली. त्यांच्या स्मरणार्थ डग्लस कॅम्प यांनी २००६ मध्ये पोलादाची एक अख्खी बस बनवली. तिच्या टपावर तेलाची पिंपं लादली, गावाकडच्या बसवर सामान लादतात तशी, आणि त्यांवर फाशी गेलेल्या साथीदारांची नावं घातली. २०१५ मध्ये ही बस नायजेरियाला भेट म्हणून पाठवली, तर लागोसच्या बंदरात कस्टमने ती अडकवून ठेवली. साडेसात हजार ड्रमांना जे जमलं नाही ते टपावरच्या मोजक्या पिंपांना जमलं. कारण त्यांत काय होतं आणि त्या मालाची किंमत कुणी मोजली, हे त्या शिल्पात कोरलेलं होतं.

मग विसरणं नेहमीच वाईट का? नाही. त्रिनिदादचं स्टीलपॅन याला उत्तर देतं आणि मला ते या सगळ्या गोष्टींत सर्वांत आवडतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या इंग्रज सरकारने काळ्या वस्त्यांतल्या चामड्याच्या ढोलांवर बंदी आणली. लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. १९३०च्या दशकात बांबूच्या जोडीला बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या पेटीची झाकणं आली. कुणाच्या तरी लक्षात आलं की पत्र्याला पोक आला की त्या जागेचा सूर बदलतो. दुसऱ्या महायुद्धानंतर या मंडळींच्या हाती तेलाचा मोठा ड्रम आला. त्रिनिदादमध्ये तेल निघतं आणि युद्धकाळात तिथे अमेरिकी तळही होते, त्यामुळे ड्रमांना तोटा नव्हता.

पॅन बनवायची रीत ऐकण्यासारखी आहे. ड्रमचा तळ घणाने ठोकून ठोकून कढईसारखा खोल करतात. त्यावर एकेका स्वराच्या जागा आखून त्यांच्या कडा खिळ्यासारख्या हत्याराने ठोकून वेगळ्या करतात. मग हवा तेवढा भाग राखून बाकीचा ड्रम कापून टाकतात. वरच्या सुरांच्या पॅनला आखूड कड पुरते, खर्जाच्या पॅनला जवळजवळ अख्खा ड्रम लागतो आणि त्यावर तीन-चार सूरच बसतात. म्हणून खर्ज वाजवणारा माणूस सहा-सात-नऊ ड्रमांच्या मधोमध उभा राहून वाजवतो. त्यानंतर ड्रम विस्तवावर तापवतात आणि शेवटी हातोडीने एकेक सूर लावतात. हे शेवटचं काम सर्वांत अवघड. त्याला कान लागतो आणि वर्षं लागतात.

इथे तेलाचा डाग राहत नाही, विस्तव तो जाळून टाकतो. पण इथे विसरणाऱ्यांनीच स्वतः घण मारलेला असतो. ज्यांचे ढोल हिसकावले त्यांनी साहेबाच्या टाकाऊ मालातून सूर काढला आणि सुरुवातीला त्यासाठी पोलिसांचा मारही खाल्ला. १९५१ मध्ये त्यांचा वाद्यवृंद लंडनला गेला, १९९२ मध्ये पॅन त्रिनिदादचं राष्ट्रीय वाद्य झालं. कॅफेतल्या सोफ्याशी याची तुलना केली तर फरक मेहनतीचा नाही, रील बनवणाराही ग्राइंडर चालवतोच. फरक असा की पॅनवाल्यांनी ड्रमच्या आधीच्या आयुष्याशी भांडण केलं. सोफेवाल्याला ते माहीतही नसतं.

आपल्याकडचं टिपाडही मला पॅनच्या जवळचं वाटतं, फक्त त्याची कुणी कलाकृती म्हणून दखल घेत नाही. रस्त्याच्या कामावर रिकामी झालेली डांबराची पिंपं उभी चिरून, ठोकून सपाट करतात आणि त्या पत्र्याच्या भिंती होतात. आतून राहिलेला डांबराचा थर उन्हाळ्यात जीव नकोसा करतो, पण पत्रा लवकर गंजू देत नाही. म्हणजे आत काय होतं हे त्या घरातल्या माणसांना पक्कं ठाऊक असतं, त्याचा तोटा आणि फायदा दोन्ही. ढाब्यावरच्या तंदूरची मातीची भट्टी पुष्कळदा ड्रमच्या पोटातच बसवलेली असते. पाणीटंचाईच्या गावात टँकरच्या वाटेवर टिपाडांची रांग लागते आणि प्रत्येकावर ऑइलपेंटने घरमालकाचं नाव असतं. आता त्या रांगेत निळी प्लास्टिकची जास्त दिसतात, हलकी आणि न गंजणारी. पण ती तरी कुठून येतात? बरीचशी कारखान्यांतूनच, रसायनं रिकामी करून.

खरी जोखीम इथे आहे. ड्रम काय काय वाहतो बघा: वंगण, रंग, थिनर, कीटकनाशकं, खाद्यतेल, मध. हापूसचा रससुद्धा निर्जंतुक पिशवीत भरून, ती पिशवी ड्रममध्ये घालून परदेशी जातो. रिकामे झाल्यावर हे सगळे ड्रम बाहेरून सारखेच दिसतात. थिनर किंवा पेट्रोलचा ड्रम रिकामा झाला की भरलेल्याहून धोकादायक होतो, कारण द्रव पेटायला हवा लागते आणि रिकाम्या ड्रममध्ये वाफ आणि हवा दोन्ही बंदिस्त असतात. अशा ड्रमला गॅसकटर लावला की तो बॉम्बसारखा फुटतो. धुऊन घेतला की झालं, असंही नाही, वाफ सांध्यांत दबून राहते.

आपल्या कायद्याला हे माहीत आहे. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपं हाही कचऱ्याचा एक वेगळा प्रकार म्हणून नोंदवलाय, क्रमांक ३३.१. असे ड्रम परवानाधारकाकडेच धुवायला जायला हवेत. प्रत्यक्षात धारावीसारख्या ठिकाणी डबे आणि ड्रम साफ करणारे कामगार हातमोज्यांशिवाय आतला थर खरवडतात, जाळतात, पोक काढतात आणि रंग देतात. त्यांचं काम नीट पाहिलं तर ते पॅन बनवणाऱ्याच्या कामासारखंच आहे, घण, विस्तव आणि कान. पोक कुठे आहे हे ठोकल्याच्या आवाजावरून ओळखतात. त्यांच्या फुप्फुसात काय जातं, याचं शिल्प अजून कुणी केलेलं नाही.

ड्रम स्वतःची ओळख लपवत नाही, हे मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं. घातक माल वाहण्यासाठी प्रमाणित केलेला ड्रम असेल तर त्याच्या तळावर ठोकून उठवलेली अक्षरं आणि आकडे सापडतात. '१-ए-१' म्हणजे झाकण न निघणारा स्टीलचा ड्रम, '१-ए-२' म्हणजे झाकण निघणारा. पुढे पत्र्याची जाडी आणि बनवल्याचं वर्ष येतं, देशाची खूणही असते. रीतसर साफ करून पुन्हा वापरात आणलेल्या ड्रमवर इंग्रजी 'आर' हे अक्षर आणि ते काम केल्याचं साल घालतात. पोटावर कवटीचं किंवा ज्वाळेचं लेबल असतं, निदान त्याच्या चिकटपट्टीचा डाग तरी. घरी पाण्यासाठी किंवा धान्यासाठी जुना ड्रम आणणार असाल तर आधी तो उलटा करा, आणि कशाचा होता हे विकणाऱ्याला विचारा. नीट सांगता आलं नाही तर घेऊ नका. सोफ्यासाठी घेणाऱ्यांनीही कटर लावायच्या आधी हेच करावं. सोफा झाला की तळ फरशीकडे जातो, लेबलावर मोरपिशी रंग बसतो आणि मग तिथे वाचण्यासारखं काही उरत नाही.