‘मी चुकलो’पासून ‘ते कमी पडले’पर्यंत : तंत्रज्ञान-उद्योगाच्या नव्या आशावादाचं वाचन

आज ज्या मजकुराबद्दल बोलायचं आहे त्याची समीक्षा सहसा कुणी करत नाही. मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांचे प्रमुख आपल्या कर्मचाऱ्यांना उद्देशून जी निवेदनं लिहितात, ती. २०२२ साली या निवेदनांचा आवाज पडलेला होता. वर्ष-दीड वर्षात सूर बदलला. वाईट दिवस सरले, पुढे सगळं उजळ आहे, असं जो तो सांगू लागला. या आशावादाची भाषा कशी घडली, ते बघू. उदाहरण एकच घेतो, मेटाचं. म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅपवाली कंपनी. ती तंत्रज्ञानाची आहे आणि जाहिरातीचीही. तिचं जवळजवळ सगळं उत्पन्न जाहिरातींतूनच येतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅपलने नियम केला की आयफोनवरच्या अ‍ॅपला तुमचा माग काढायचा असेल तर तुमची परवानगी घ्यावी लागेल. कोण कशाला परवानगी देईल? जाहिरात नेमकी कुणाला दाखवायची आणि तिचा उपयोग झाला की नाही, हे कळणं अवघड झालं. यामुळे २०२२ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल, असं मेटाने स्वतःच सांगितलं. ३ फेब्रुवारी २०२२ ला शेअर एका दिवसात २६ टक्के घसरला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ११ हजारांवर लोकांना काढलं गेलं. त्या वेळचं मार्क झुकरबर्ग यांचं निवेदन मला या सगळ्या मजकुरात सर्वांत प्रामाणिक वाटतं. त्यात त्यांनी जे म्हटलं त्याचा आशय असा : कोविडमध्ये लोकांचे व्यवहार इंटरनेटवर आले, ते तसेच राहतील असं मी धरून चाललो, भरमसाट गुंतवणूक केली, माझा अंदाज चुकला. वाक्याला कर्ता आहे, आणि तो प्रथमपुरुषी एकवचनी आहे. (आता चूक एकाची आणि नोकऱ्या अकरा हजारांच्या, हा हिशेब उरतोच.)

मार्च २०२३ मध्ये दुसरं निवेदन आलं. आणखी १० हजार जाणार होते. या वर्षाला नाव दिलं होतं ‘कार्यक्षमतेचं वर्ष’. इथे ‘मी चुकलो’ गेलं आणि संघटनेची प्रकृती आली. थर कमी होतील, निर्णय झटपट होतील, सडपातळ असणं केव्हाही बरं. त्यात असंही आहे की माणसं कमी केल्यावर बरीच कामं उलट वेगाने होऊ लागली. हे वाक्य नीट बघा. चार महिन्यांपूर्वी नोकरकपात ही चुकीची किंमत होती. आता ती सुधारणा झाली. चूक कुणाची, हा प्रश्नच उरला नाही. मला वाटतं, नव्या आशावादाचा जन्म या वाक्यात आहे.

बरं, कार्यक्षमतेने कंपनी सावरली हे तरी खरं का? काही अंशी खरं. खर्च कमी झाला, जाहिराती योग्य माणसासमोर नेणारी यंत्रणाही सुधारली. पण आकडे बघा. ज्याला कठीण वर्ष म्हणतात त्या २०२२ मध्येही मेटाचा निव्वळ नफा २३ अब्ज डॉलरच्या वर होता. आदल्या वर्षी तो ३९ अब्ज होता म्हणून ते वर्ष कठीण. २०२३ मध्ये उत्पन्न १६ टक्क्यांनी वाढलं. कंपनीच्या वित्तप्रमुखांनीच सांगितलं, की या १६ पैकी ५ टक्क्यांइतकी भर चीनमधल्या जाहिरातदारांमुळे पडली. टेमूसारख्या कंपन्या अमेरिकेतला ग्राहक मिळवायला तेव्हा पाण्यासारखा पैसा ओतत होत्या. वाढीचा जवळपास तिसरा हिस्सा म्हणजे दुसऱ्याच्या स्पर्धेतून आलेला पैसा! फांदी का मोडली हे तपासायच्या आधीच कावळ्याचा सत्कार झाला. २ फेब्रुवारी २०२४ ला शेअर २० टक्के वर गेला, कंपनीने पहिल्यांदाच लाभांश जाहीर केला, आणि काटकसरीची गोष्ट मार्केटिंगच्या परिसंवादांतून धडा म्हणून सांगितली जाऊ लागली.

मधल्या काळात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, गुंतवणूकदार मार्क अँड्रीसन यांनी तंत्रज्ञान-आशावादाचा एक जाहीरनामाच लिहिला. त्यात शत्रूंची यादी आहे : सामाजिक जबाबदारी, शाश्वतता, जोखीम व्यवस्थापन वगैरे. आणि संतांच्या यादीत १९०९ साली भविष्यवादाचा जाहीरनामा लिहिणारे इटालियन कवी मारिनेत्ती! ठोसे मारल्यासारखी छोटी-छोटी वाक्यं, शंकेला कुठेच जागा नाही. वाङ्मय म्हणून मला ते कंटाळवाणं वाटलं. पण हे लेखक २००८ पासून मेटाच्या संचालक मंडळावर आहेत, हे लक्षात ठेवून वाचलं की ते बऱ्यापैकी उलगडतं.

आता गेलेल्या माणसांकडे येऊ. २०२२ च्या अखेरीस मेटात ८६ हजारांवर लोक होते, वर्षभराने ६७ हजार. कुणी म्हणेल, २०१९ च्या शेवटी ४५ हजारच होते, जादा भरले होते ते गेले. पण ते काही आपणहून येऊन बसले नव्हते. त्यांना बोलावून घेतलं होतं. या उद्योगातले कितीतरी जण एच-१बी व्हिसावर असतात, आणि त्यांत भारतीय सर्वाधिक. पुण्या-नागपूरकडची मुलं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत. नोकरी गेली की नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस, नाहीतर बायकामुलांसह गाशा गुंडाळायचा. पहिल्या निवेदनात निदान व्हिसाबाबत मदत करू, एवढा उल्लेख तरी होता.

मग जानेवारी २०२५. आदल्या वर्षीचा नफा ६२ अब्ज डॉलर. कठीण दिवसांचा मागमूस नाही. तरी सुमारे पाच टक्के लोकांना काढायचं ठरलं, आणि कारण सांगितलं की त्यांची कामगिरी सर्वांत कमी होती. म्हणजे बघा, २०२२ मध्ये चुकला तो प्रमुख, २०२३ मध्ये जड झाली ती संघटना, आणि २०२५ मध्ये कमी पडला तो काढलेला माणूस. आशावाद जसजसा चढत गेला तसतसा दोष खाली उतरत गेला.

२०२२ मध्ये बाहेर पडलेली मुलगी पुढच्या मुलाखतीत सांगू शकत होती, की मालकाचा अंदाज चुकला, त्यांनी तसं लिहूनही दिलंय. २०२५ मध्ये काढलेल्या मुलाने काय सांगायचं? त्याच्याबद्दल कंपनीने आधीच जगजाहीर सांगून टाकलंय.