दमण ते सिल्वासा: एका निकालाचं वाचन

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी पोर्तुगाल विरुद्ध भारत या खटल्याचा निकाल दिला. त्यात पेशवे दरबारचे कागद बारकाईने तपासले आहेत. पोर्तुगालचा दावा असा, की १७७९च्या पुण्याच्या तहाने मराठ्यांनी दादरा-नगर हवेलीची मालकीच दिली. तेव्हा आमच्या दमणहून भारताच्या मुलखातून तिथे जायची वाट आमच्या हक्काची, अगदी फौजफाट्यासकट. न्यायाधीशांनी तह वाचला, १७८३ आणि १७८५च्या सनदा वाचल्या. १२,००० रुपये उत्पन्नाची गावं लावून दिलेली. हा सरंजाम, असं न्यायालयाने ठरवलं: वसूल दिला, राज्य दिलं नाही.

चिंचवडकरांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मोरया गोसावींच्या देवस्थानाकडे गावं इनाम होती, म्हणून ती काही पेशव्यांच्या अमलाबाहेर गेली नव्हती.

पण न्यायालय भारताच्या सोयीचं तेवढं घेऊन थांबत नाही. पुढे इंग्रजांनी तिथली पोर्तुगीज सत्ता मान्य केली, हेही ते नोंदवतं. मग वाटेचा हक्क शोधायचा कुठे? तर वहिवाटीत. इथे निकाल खरा खुलतो. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल बिनतक्रार ये-जा करत होते. तो हक्क ठरला. हत्यारबंद लोकांचं तसं नव्हतं. १८९०मध्ये मुंबई सरकारने तक्रार केली, की पोर्तुगीजांची सशस्त्र माणसं न विचारता पारडी तालुक्यातून जातात. गोव्याच्या गव्हर्नर जनरलने उलट कळवलं, की आमचं सैन्य परवानगीशिवाय कधीच जात नाही. सत्तर वर्षांनी तेच पत्र पोर्तुगालच्या अंगाशी आलं. जिथे दर वेळी परवानगी लागते, तिथे हक्क कसला?

मतं अशी पडली: नागरी वाहतुकीचा हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य, फौजेचा ८ विरुद्ध ७ने अमान्य, आणि १९५४मध्ये वाट बंद करून भारताने कर्तव्य मोडलं नाही, हे ९ विरुद्ध ६ने. मुंबईचे माजी मुख्य न्यायमूर्ती छागला भारताच्या वतीने पीठावर होते. त्यांच्या मते पोर्तुगालला कुठलाच हक्क नव्हता. मला बहुमताची बारीक विभागणी अधिक भावते. माणूस आणि बंदूक एकाच वाटेने गेले, तरी एकाच हक्काने जात नाहीत.

एक उणीव मात्र सलते. जुलै १९५४मध्ये दादरा आणि २ ऑगस्टला नगर हवेलीतलं सिल्वासा स्वयंसेवकांनी मुक्त केलं. त्यांत सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे होते. न्यायालयापुढे प्रश्न फक्त वाटेचा होता, हे मान्य. पण त्या गावांतल्या वारली, कोकणा, धोडिया माणसांना काय हवं होतं, हे कुणी विचारलंच नाही. भांडण दोन राज्यांचं, साक्षही त्यांचीच.

म्हणून मी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाकडे आशेने बघतो. तिथे माणूस स्वतः राज्याविरुद्ध दाद मागू शकतो, आणि दोन राज्यांच्या भांडणातही माणसांचेच हक्क तपासले जातात. २०२१मध्ये जॉर्जियाने रशियाविरुद्ध आणलेल्या खटल्यात, ऐन रणधुमाळीत कुठल्याच राज्याचा ताबा नसतो असं म्हणून, त्याने २००८च्या पाच दिवसांच्या लढाईतल्या मृत्यूंबाबत हात वर केले होते. ते फार लागलं होतं. ९ जुलै २०२५ रोजी युक्रेन आणि नेदरलँड्सच्या खटल्यात त्याने ती पळवाट रशियाला मिळू दिली नाही. बाँबहल्ल्यांत मेलेल्यांची जबाबदारी रशियावर टाकली, आणि २०१४मध्ये पाडलेल्या मलेशियन विमानातल्या २९८ जणांच्या नातेवाइकांनी सोसलेल्या यातना हाही हक्कभंगच ठरवला.