‘हेअरस्प्रे’ : गाणी त्यांची, मंच आमचा

जॉन वॉटर्स यांचा ‘हेअरस्प्रे’ हा अमेरिकन चित्रपट १९८८ साली आला. भडक कपडे, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या उंच केशरचना आणि अखंड नाचगाणे पाहून हा निव्वळ थिल्लर मामला आहे, असे कोणीही म्हणेल. आमच्या मते हा थिल्लरपणाच त्याचे हत्यार आहे.

कथा १९६२ च्या बाल्टिमोर शहरातली. ट्रेसी (रिकी लेक) ही साध्या घरातली लठ्ठ गोरी मुलगी. टीव्हीवरच्या ‘कॉर्नी कॉलिन्स शो’मध्ये नाचायचे तिचे स्वप्न पुरे होते. पण त्याच कार्यक्रमात काळ्या मुलांना महिन्यातून एकच दिवस प्रवेश, तोही ‘नीग्रो डे’ या नावाने. गाणी काळ्या गायकांची, नाचाची पावले काळ्या वस्तीतून उचललेली. ती पावले टाकणारी माणसे मात्र शेजारी नकोत! वर्णभेदाचे ढोंग याहून नेमके सांगणे कठीण.

शिक्षक म्हणून आम्हाला एक प्रसंग विशेष बोचला. केस फुगवले म्हणून ट्रेसीची रवानगी मतिमंदांसाठीच्या वर्गात होते. तिथे तिला हुशार काळी मुले भेटतात. त्यांना मागे ठेवण्यासाठीच तिथे बसवलेले असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन १९५४ मध्येच घटनाबाह्य ठरवले होते. म्हणजे कायद्याने शाळेचे दार उघडले आणि शाळेने आत वेगळी खोली काढली. हजेरीपटावर सारे एकत्र, बाकांवर अलग. मुलाच्या कपाळावर ‘मठ्ठ’ हा शिक्का मारणे किती सोपे असते आणि तो पुसणे किती कठीण, हे खडू हातात धरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

चित्रपटातले हसू नेहमी भेद पाळणाऱ्यांवर उलटते. काळ्या वस्तीत पाऊल टाकताच पेनीच्या आईची उडालेली गाळण पाहा. मुलीचे प्रेम ‘बरे’ करू पाहणारा भोंदू मानसोपचारतज्ज्ञ तर खुद्द वॉटर्स यांनीच रंगवला आहे. ट्रेसीची आई साकारली आहे डिव्हाइन या पुरुष कलावंताने, आणि तिची माया कुठेही खोटी वाटत नाही.

उणीव एकच, पण मोठी. लढा काळ्यांचा आणि मुकुट गोऱ्या ट्रेसीच्या डोक्यावर. रूथ ब्राउन या नामवंत गायिकेने उभी केलेली मेबल मदतनीस म्हणूनच उरते. २००७ च्या नव्या चित्रपटात मुकुट इनेझ या काळ्या मुलीला मिळतो. ही दुरुस्ती आम्हाला मोलाची वाटते.

आता इतिहास. ही कथा ज्यावरून सुचली, तो ‘बडी डीन शो’ बाल्टिमोरमध्ये १९५७ पासून चालत होता. ऑगस्ट १९६३ मध्ये काळे-गोरे तरुण अचानक थेट प्रक्षेपणात एकत्र नाचले. पुढे काय झाले? जानेवारी १९६४ मध्ये कार्यक्रमच बंद पडला. सर्वांनी मिळून नाचण्यापेक्षा कोणीच न नाचलेले बरे, हा त्या काळाचा इन्साफ! वॉटर्स त्याच शहरात वाढले; हा शेवट त्यांना ठाऊक होता. तरीही त्यांनी पडद्यावर सर्वांना एकत्र नाचवले. म्हणूनच त्या शेवटच्या नाचाला हसताना घशात काहीतरी अडकते.