‘उतार’ की ‘अडथळा’? : प्राणहितेच्या जलमार्गाची परिभाषा

बंद पडलेल्या गोदीचा वा धक्क्याचा पुनर्विकास हा विषय निघाला की आपले लक्ष मुंबईच्या पूर्वकिनाऱ्याकडे वळते. चांदा-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातही असे एक अपुरे राहिलेले जलकार्य आहे, याचे मात्र विस्मरण होते.

हिंगणघाटचा कापूस वर्धा, प्राणहिता व गोदावरी या नद्यांवाटे पूर्वसमुद्रास न्यावा, या योजनेचा सर आर्थर कॉटन यांनी हिरिरीने पुरस्कार केला होता. प्रवाहातील खडकाळ पट्ट्यांपैकी तीन मोठे अडथळे अभियंत्यांनी गणले : दुम्मागुडेम, एंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी. सिरोंचा हे त्या काळी अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोचली. १८७१ मध्ये जलमार्गाचे काम सोडून देण्यात आले. १८७४ मध्ये तो जिल्हाही मोडला.

‘आगगाडीने जलमार्गावर मात केली’ या एका वाक्यात हे प्रकरण मिटविणे सोपे आहे. ते विधान असत्य नव्हे, अपुरे आहे. नदी उथळ होऊन जेथे पायी ओलांडता येते, त्या जागेस मराठीत ‘उतार’ म्हणतात. म्हणजे आगबोट जेथे अडते, तेथेच पुष्कळदा वाटसरू पार होतो. ‘अडथळा’ हे नदीचे वर्णन नसून नदीकडून केलेल्या अपेक्षेचे वर्णन होय.

परिभाषा एकार्थीच असावी लागते, असा आक्षेप यावर संभवतो. तो मान्य करूनही, तो एक अर्थ कोणाच्या गरजेतून ठरला, हा प्रश्न उरतोच. २०१६ च्या कायद्याने वैनगंगा-प्राणहिता राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत आली. २०१९ मध्ये सिरोंचा तालुक्यासमोर गोदावरीवर मेडिगड्डा बंधारा सुरू झाला. २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. बंधाऱ्यामागे चढलेल्या पाण्यास अभियंता ‘फुगवटा’ म्हणतो. ज्याचे शेत त्याखाली जाते तो शेतकरी ‘बुडीत’ म्हणतो. पाणी एकच; परंतु पहिल्या शब्दात शेत दिसत नाही, आणि नुकसानभरपाईचा प्रश्न तर दुसऱ्या शब्दापासूनच सुरू होतो.

म्हणून नव्या जलमार्गाचा आराखडा लिहिला जाण्यापूर्वी अहेरी-सिरोंचा भागातील मराठी, तेलुगू व माडिया बोलणाऱ्या नावाडी, ढिवर आणि शेतकऱ्यांकडून नदीविषयक शब्दांचा संग्रह झाला पाहिजे. हे काम अभियांत्रिकीचे नव्हे, भाषाविभागाचे आहे. आणि ते आपण अद्याप हाती घेतलेले नाही.