फड नसलेले मुष्टियुद्ध

पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये भारताचे सहा मुष्टियोद्धे गेले. निखत झरीन, लवलिना बोरगोहेन, जास्मिन लांबोरिया, प्रीती पवार, अमित पंघाल आणि निशांत देव. यादी वाचताना ‘पवार’ या आडनावाशी मराठी वाचक क्षणभर थबकला असेल. पण प्रीती हरियाणाची. महाराष्ट्राचे एकही नाव त्या यादीत नव्हते. सहाही जण पदकाविना परतले आणि चर्चा त्या अपयशाची झाली. महाराष्ट्र तिथे का नव्हता, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. तो विचारायला हवा, कारण त्याआधीच्या चार वर्षांत याच राज्याने दोन युवा जगज्जेत्या मुली दिल्या होत्या.

एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधल्या किएल्त्से येथे नागपूरच्या अल्फिया पठाणने ८१ किलोंवरील गटात युवा जागतिक सुवर्ण जिंकले. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पेनमधल्या ला नुसियात पुण्याच्या देविका घोरपडेने ५२ किलो गटात तोच पराक्रम केला. इंग्लंडच्या लॉरेन मॅकीविरुद्ध पाचही पंचांचा कौल देविकाच्या बाजूने पडला. त्याच २०२२ मध्ये अल्फियाने कझाकस्तानात, २०१६ ची जगज्जेती लज्जत कुंगेइबायेवा हिला तिच्याच घरच्या प्रेक्षकांसमोर हरवले आणि पुढे अम्मानला वरिष्ठ गटाचे आशियाई विजेतेपदही मिळवले. पण पॅरिसमध्ये महिलांचा सर्वांत वरचा वजनगट ७५ किलोंचा होता. अल्फियासाठी ऑलिंपिकचे दार त्या एका आकड्याने बंद केले, आणि त्यावर नागपुरात बसून कुणालाच काही करता येण्यासारखे नव्हते.

तो प्रश्न वेगळा. आपल्या हातात असलेल्या गोष्टींकडे वळले की चित्र जास्त अस्वस्थ करते.

राज्य पातळीवरच्या लढती लक्ष देऊन पाहाव्यात. पहिल्या फेरीत मुले छान खेळतात. जॅब सुटतो, पाय हलके असतात, गार्ड हनुवटीशी असतो. दुसऱ्या फेरीत दोघांत पहिली खरी देवघेव होते आणि तिथे फरक दिसू लागतो. ठोसा मारून झाल्यावर मुलगा जागचा हलत नाही. दाब आला की सरळ मागे जातो, दोन पावलांत पाठ दोरीला लागते, आणि दोरीला लागल्यावर पुढे काय करायचे हे त्याला ठाऊक नसते. अर्धे पाऊल बाजूला टाकून प्रतिस्पर्ध्याला वळवणे, मिठीत अडकल्यावर खांद्याने जागा काढणे, शेवटच्या तीस सेकंदांत पंचांच्या डोळ्यांत भरेल असा एक स्वच्छ ठोसा राखून ठेवणे, हे त्याने कधी केलेले नसते. तिसऱ्या फेरीत कोपरे फासळ्यांपासून सुटतात, हात खाली येतात, आणि मग जो कमी दमला तो जिंकतो. २०१३ पासून दहा गुणांची पद्धत आली, प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे जिंकावी लागते. अशा पद्धतीत रिंगणाची जाण नसलेला मुलगा कितीही वेगवान असो, तो मागे पडतो.

ही जाण बॅगवर येत नाही, प्रशिक्षकाच्या हातातल्या पॅडवरही येत नाही. ती अनोळखी माणसाबरोबर लढूनच येते. आणि आपल्या मुलांना लढतीच मिळत नाहीत. महाराष्ट्राच्या मुष्टियुद्धाचे मूळ दुखणे हेच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. व्यायामशाळा, मॅट, हातमोजे, सरकारी योजना या सगळ्याची उणीव त्याच्यानंतर येते.

शालेय स्पर्धेचे उदाहरण घ्या. जिल्हा क्रीडा कार्यालयाची स्पर्धा, वयोगट १४, १७ आणि १९. सकाळी वजने होतात. मुले चड्डीवर रांगेत उभी असतात, कुणी शंभर ग्रॅम जास्त भरला म्हणून मैदानाला फेऱ्या मारतो. मग भाग्यपत्रिका लागते आणि कळते की या वजनगटात नाव एकच आहे. मुलाला पुढे चाल मिळते. विभागीय स्पर्धेतही समोरचा आला नाही तर पुन्हा पुढे चाल. हातमोजा न घालता मुलगा राज्य स्पर्धेच्या उंबरठ्यावर पोहोचू शकतो. राज्य पातळीवर खेळल्याचे प्रमाणपत्र मिळाले की दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, पुढे नोकरीतले पाच टक्के क्रीडा आरक्षण डोळ्यांपुढे असते. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या व्यवस्थेत प्रमाणपत्राला भाव आहे आणि लढतीला नाही, तिथे लोक प्रमाणपत्रच मागणार. बारावी झाली की यातली कितीतरी मुले रिंगणातून कायमची बाहेर पडतात. ठोसा खऱ्या अर्थाने पिकायला लागतो ते वय नेमके त्यानंतरचे.

हे दुखणे महाराष्ट्राने दुसऱ्या एका खेळात कधीच सोडवलेले आहे, म्हणून जास्त वाईट वाटते. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे गावोगावच्या जत्रेत कुस्तीचा फड भरतो. दुपारी रेवड्यांवरच्या, नारळावरच्या कुस्त्यांत दहा वर्षांची पोरे उतरतात, संध्याकाळी मोठ्या इनामाची निकाली कुस्ती लागते. तालमीतला मुलगा एका हंगामात गावोगाव फिरतो, अनोळखी अंगाला अंग भिडवतो, हरतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा माती अंगाला लावतो. वस्तादाला त्याच्यातला दोष तालमीत नव्हे, फडात दिसतो. खाशाबा जाधव गोळेश्वरहून १९५२ साली हेलसिंकीपर्यंत गेले आणि कांस्यपदक घेऊन आले, त्यांच्या मागे ही सगळी माती होती. मुष्टियुद्धाला आपण रिंगण बांधून दिले, पण फड दिला नाही.

याचे कारण इतिहासात आहे. मुष्टियुद्ध महाराष्ट्रात गावातून आले नाही, ते छावणीतून आले. पुणे, नागपूरच्या कामठीसारखी लष्करी ठाणी, मुंबईचे बंदर, रेल्वे, मिशनरी शाळा, या वाटांनी ते रुजले. आपले मोठे मुष्टियोद्धेही बहुतेक गणवेशातले. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियुद्ध खेळत होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, रिंगण सुटले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्ण मिळवले. आज लोक त्यांना ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपटामुळे ओळखतात, पण पोहण्याआधी त्यांचा खेळ हातमोज्यांचा होता. पुढे १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये मनोज पिंगळे आणि शाहूराज बिराजदार भारताकडून लढले. गोपाल देवांग, पिंगळे, मुकुंद किल्लेकर यांना अर्जुन पुरस्कार मिळाले. ऐंशीच्या दशकाची अखेर आणि नव्वदचा आरंभ हा मराठी नावांचा या खेळातला सर्वांत चांगला काळ होता, असे म्हणायला हरकत नाही.

पुण्यात २००१ साली आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि देशातले काही उत्तम पुरुष मुष्टियोद्धे या शहरात घाम गाळू लागले. पण ते सेनादलाचे खेळाडू. राष्ट्रीय स्पर्धेत सेनादलाच्या रंगात उतरतात, पदक सेनादलाच्या खात्यात जाते. त्यात गैर काही नाही. लष्कराने या खेळावर केलेला खर्च आणि दिलेली शिस्त नसती तर भारतीय मुष्टियुद्ध आज कुठे असते कोण जाणे. खंत वेगळी आहे. संस्थेच्या भिंतीआड देशातला सर्वोत्तम सराव चालतो आणि त्याच शहरातल्या खाजगी क्लबातला मुलगा त्या सरावापासून दूर राहतो. आठवड्यातून एक दिवस त्याला आत स्पारिंग मिळाले, तर वर्षभरात तो ओळखू येणार नाही इतका बदलेल.

छावणीबाहेर जे उभे राहिले त्यात अकोल्याचे नाव पहिले घ्यावे लागते. राज्य सरकारने १९९६ मध्ये क्रीडा प्रबोधिनी सुरू केल्या, त्यातल्या अकोल्याच्या केंद्राने वसंत देसाई स्टेडियमच्या परिसरात मुष्टियुद्ध धरून ठेवले. बुलढाणा जिल्ह्यातला अनंता चोपडे तिथून वर आला. २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये ५२ किलो गटाचे सुवर्ण, २०२२ मध्ये थायलंड ओपनमध्ये ५४ किलोंचे सुवर्ण. विदर्भातल्या शेतकरी मुलखातून आलेला मुलगा आंतरराष्ट्रीय रिंगणात दोनदा पहिला येतो, ही साधी गोष्ट नाही. पण अनंताही पुढे रेल्वेकडून खेळला. राज्याने घडवायचे, नोकरी देणाऱ्याने खेळवायचे, अशी ही वाटणी आहे. ज्या मुलाला रेल्वे, पोलीस किंवा सैन्य उचलत नाही, त्याला विसाव्या वर्षी खेळायला जागाच उरत नाही.

हरियाणातल्या भिवानीचा दाखला आता जुना झाला, तरी द्यावाच लागतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला भारताचे पाच मुष्टियोद्धे होते, त्यातले चार त्या एका गावचे. विजेंदर सिंगच्या कांस्यपदकाची सगळ्यांना आठवण आहे. पण त्याच्याबरोबर अखिल कुमार, जितेंदर कुमार आणि दिनेश कुमार होते, हे जास्त महत्त्वाचे. एका छताखाली चार ऑलिंपियन रोज एकमेकांवर ठोसे चालवत होते, म्हणून चौघेही तिथवर गेले.

असाच लढतींचा गजबजाट उत्तर चेन्नईने वेगळ्या रूपात पाहिला. तिथे मुष्टियुद्ध परंपरांचे झाले. सार्पट्टा, इडियप्पा अशी घराण्यांची नावे, वस्त्यांचा अभिमान, तिकीट काढून येणारी गर्दी. पा. रंजित यांनी २०२१ मध्ये ‘सार्पट्टा परंबरै’ काढला तेव्हा उर्वरित देशाला हे जग कळले. महंमद अली १९८० मध्ये मद्रासला आला आणि जिमी एलिसबरोबर प्रदर्शनी लढत खेळला, तो याच शहरात. त्या गर्दीतून व्ही. देवराजनसारखा मुष्टियोद्धा निघाला आणि १९९४ च्या बँकॉक विश्वचषकातून कांस्यपदक घेऊन आला. देविकाच्याच ला नुसियातल्या स्पर्धेत ४८ किलोंचे सुवर्ण जिंकणारा विश्वनाथ सुरेशही चेन्नईचाच. मात्र ही परंपरा बंदराच्या वस्त्यांना चिकटून राहिली. तिथून सुमारे तीनशे किलोमीटरवर, कावेरीच्या खोऱ्यात कुंभकोणम् आहे, जिथे तंजावरच्या मराठा राजवटीपासूनची मराठी घरे अजून आहेत. पण त्या गावाची ओळख देवळांची, महामहम तळ्याची, पितळी भांड्यांची; मुष्टियुद्धाची नव्हे. तमिळ मुलखातला गावोगावचा लढाऊ खेळ सिलंबम, लाठीचा. जानेवारी २०२४ मध्ये तमिळनाडूत झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत त्याला प्रदर्शनीय खेळाचे स्थान मिळाले. ठोशाचा खेळ बंदर, छावणी आणि कारखाना सोडून आत सरकत नाही, जोवर कुणी मुद्दाम तो आत नेत नाही. अकोल्याने तो नेला, म्हणून मला त्या केंद्राचे मोल जास्त वाटते.

वरच्या पातळीवरच्या भांडणांनी या खेळाचे नुकसान केले ते वेगळेच. डिसेंबर २०१२ मध्ये भारतीय संघटना निलंबित झाली, २०१३ च्या अल्माटी जागतिक स्पर्धेत आपले मुष्टियोद्धे तिरंग्याविना, आंतरराष्ट्रीय संघटनेच्या झेंड्याखाली लढले, आणि नवी संघटना धड उभी राहायला २०१६ उजाडले. त्या वर्षांत सतरा-अठरा वर्षांची असलेली एक अख्खी पिढी होती; तिचा हिशेब कुणी मांडला नाही. नंतर जागतिक संघटनेचीच ऑलिंपिक मान्यता २०२३ मध्ये गेली, वर्ल्ड बॉक्सिंग ही नवी संघटना पुढे आली, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये मुष्टियुद्ध राहणार हे मार्च २०२५ मध्ये पक्के झाले. निदान आता मुलांना सांगता येते की तुमच्या खेळाला ऑलिंपिक आहे, आणि मुली-मुलांचे गट सारखे, सात-सात आहेत.

कॅनडाची गोष्ट इथे आठवते. क्लबांचे जाळे आणि सरकारी निधी असलेला तो देश. सोलमध्ये पिंगळे-बिराजदार खेळले त्याच वर्षी लेनॉक्स लुईसने कॅनडाला सुपर-हेवीवेटचे सुवर्ण दिले. १९९६ मधल्या डेव्हिड डेफियाग्बनच्या रौप्यानंतर मात्र त्यांना पुढच्या पदकासाठी पॅरिसपर्यंत, वायट सॅनफर्डच्या कांस्यापर्यंत, अठ्ठावीस वर्षे थांबावे लागले. मधल्या काळात, २०२२ मध्ये, शंभराहून अधिक मुष्टियोद्ध्यांनी जाहीर पत्र लिहून संघटनेतल्या दहशतीच्या वातावरणाविरुद्ध आवाज उठवला आणि संबंधित संचालकाला पायउतार व्हावे लागले. त्याआधी मँडी ब्युजोल्डने, बाळंतपणामुळे हुकलेल्या पात्रतेसाठी क्रीडा लवादापर्यंत लढून टोकियोचे तिकीट मिळवले होते. पदके त्यांनाही सहज मिळत नाहीत. पण खेळाडू बोलतो आणि त्याचे बोलणे ऐकावे लागते, ही गोष्ट आपण त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. निवड, पंचगिरी, शिबिरातली वागणूक याबद्दल आपल्याकडचा वीस वर्षांचा मुलगा नावानिशी बोलू शकत नाही, कारण नोकरीची शिफारस त्याच माणसांच्या हातात असते.

मुलींबद्दल मात्र मी आशावादी आहे, आणि ही आशा कोरडी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत जास्मिन लांबोरिया आणि मीनाक्षी हुडा यांनी सुवर्ण जिंकले, पुरुषांना एकही पदक मिळाले नाही. देशातच हा तोल मुलींकडे झुकला आहे. महाराष्ट्रात तर मुलींनी सैन्याच्या आधाराशिवाय, घरच्यांच्या आणि स्थानिक प्रशिक्षकांच्या बळावर हे मिळवले. नागपुरात पोलीस खात्यातल्या बापाची लेक हेवी गटात उतरते आणि घर तिच्या पाठीशी उभे राहते, हा बदल कुठल्याही योजनेपेक्षा मोठा आहे. युवा गटातून वरिष्ठ गटात जाताना या मुलींना वर्षाला दोन-तीन राज्य-राष्ट्रीय स्पर्धा मिळतात, त्याच वयाची हरियाणातली मुलगी शेजारच्या क्लबात जाऊन दर पंधरवड्याला लढू शकते. ही दरी भरायला परदेशी प्रशिक्षकाची गरज नाही.

‘मिशन लक्ष्यवेध’ या राज्याच्या योजनेत निवडलेल्या बारा खेळांत मुष्टियुद्ध आहे. त्या पैशातला एक ठरावीक वाटा फक्त लढतींसाठी बाजूला काढावा, असे माझे म्हणणे आहे. अकोला, नागपूर, पुणे, मुंबई, सोलापूर या पाच ठिकाणी महिन्यातून एक संध्याकाळ, क्लबाविरुद्ध क्लब. एका संध्याकाळी पंधरा लढती. त्याला एक रिंगण लागते, एक सरपंच आणि पाच पंच लागतात आणि त्यांचे मानधन, एक डॉक्टर, बाहेर उभी रुग्णवाहिका, मुलांच्या प्रवासाचे तिकीट आणि रात्रीचे जेवण. पंचही याच संध्याकाळींत तयार होतील, कारण तेही आज लढतींअभावी कच्चे राहतात. प्रत्येक मुलाच्या नावावर एक वही ठेवावी, तिच्यात तारीख, प्रतिस्पर्धी, निकाल आणि ठोसा लागल्यानंतरची विश्रांती लिहावी, आणि निवड समितीने प्रमाणपत्राच्या आधी ती वही मागावी.