‘येथे’ ह्या शब्दाचा अधिकार: ख्रिस्ती यात्रावर्णनातील एक शैलीप्रश्न

इटलीतील आरेत्सो येथे १८८४ मध्ये गामुर्रीनी ह्या अभ्यासकास एका लॅटिन यात्रावर्णनाची अकराव्या शतकातील खंडित प्रत सापडली. चौथ्या शतकाच्या अखेरीस, बहुधा ३८१ ते ३८४ ह्या काळात, पश्चिमेकडून जेरुसलेम, सिनाई आणि मेसोपोटेमियापर्यंत गेलेल्या एगेरिया नावाच्या स्त्रीने ते मागे राहिलेल्या आपल्या धर्मभगिनींसाठी लिहिले होते. भाषाशास्त्रज्ञांनी हा ग्रंथ लवकर उचलून धरला, पण एका मर्यादित कारणासाठी. ‘इप्से’ आणि ‘इल्ले’ ही दर्शक सर्वनामे तीत इतकी वारंवार येतात की पुढील रोमान्स भाषांतील निश्चित उपपदाची बीजे तेथे शोधता येतात. लोफस्टेट यांचे १९११ मधील भाष्य ह्या दृष्टीने आजही आधारभूत आहे. वाङ्मय म्हणून मात्र पुनरुक्तीने भरलेले रुक्ष गद्य असाच शेरा तिच्या वाट्यास आला. ही पुनरुक्ती अनवधान नसून शैली आहे, असे लिओ स्पिट्झर यांनी १९४९ मध्ये मांडले, आणि त्यांची बाजू मला ग्राह्य वाटते. ती थोडी पुढे नेली असता काय दिसते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

एगेरियाच्या गद्याचा कणा म्हणजे ‘दाखविणे’ हे क्रियापद. मठवासी स्थळ दाखवितात. तेथे प्रार्थना होते, त्या स्थळाविषयीचा धर्मग्रंथातील उतारा वाचला जातो, स्तोत्र म्हटले जाते आणि मंडळी पुढे निघतात. ‘तो पर्वत’ असे ती म्हणते तेव्हा ‘तो’ हा शब्द दोन कामे एकदम करतो: ग्रंथात वाचलेल्या पर्वताकडे मागे वळून पाहतो आणि पायांखालच्या पर्वताकडे बोटही दाखवितो. व्याकरण ज्यांना पूर्वोल्लेखदर्शक आणि प्रत्यक्षदर्शक असे वेगळे करते, ती दोन कार्ये येथे एकजीव होतात. यात्रा म्हणजे हेच एकजीव होणे. मग वर्णनाची गरज उरते ती थोडीच. मराठीच्या विद्यार्थ्यास ह्या जागी महानुभावांची स्थानपोथी आठवल्यावाचून राहणार नाही. तेथेही दिशा, द्वारे आणि ओटे यांची कोरडी नोंद आहे, आणि तीही लीळाचरित्र ज्याच्या कानांत आहे अशा वाचकासाठीच आहे.

परंतु ‘येथे’ हा शब्द केवळ श्रद्धेचा नाही. तो हक्काचाही आहे. हे ज्याने पुरते ओळखले अशा एका माणसाची कथा दहाव्या शतकातील अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती धर्माध्यक्ष युटिकियस याने अरबीत नोंदविली आहे. सातव्या शतकात जेरुसलेम शरण आल्यावर खलिफा उमर पुनरुत्थानाच्या चर्चमध्ये असता नमाजाची वेळ झाली. आत नमाज पढण्याची विनंती त्याने नाकारली. ‘उमरने येथे नमाज पढला’ असे म्हणून उद्या त्याचे अनुयायी ती वास्तू घेतील, अशी त्याची शंका होती. तो बाहेर पायऱ्यांवर एकटा नमाज पढला. कथेची ऐतिहासिकता कितीही असो, तिची भाषिक जाण अचूक आहे. तिचा शेवट अधिक बोलका आहे: आपल्या काळी त्या पायऱ्यांच्या जागीच मशीद उभी राहिल्याचे युटिकियस खेदाने सांगतो. आतील ‘येथे’ टळले, तर बाहेरच्या पायरीवर ते उगवले.

ह्या पार्श्वभूमीवर आधुनिक ख्रिस्ती यात्रावर्णने इस्तंबूलला पोचली की त्यांच्या क्रियापदांकडे लक्ष द्यावे. ५३७ मध्ये पूर्ण झालेली आयासोफिया १४५३ मध्ये मशीद झाली, १९३५ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली आणि २०२० मध्ये पुन्हा मशीद झाली. यात्रिक दारातून आत जातो आणि त्याचे गद्य भूतकाळात शिरते: येथे वेदी होती, येथे सम्राट उभा राही. चर्चच्या नऊ शतकांना पाने मिळतात, उस्मानी पावणेपाच शतकांना एखादे वाक्य, तेही बहुधा ‘त्यानंतर’ ह्या शब्दाने सुरू होणारे. समोर नमाज पढणारा मनुष्य ह्या गद्यात दृष्टीआड होतो. किंबहुना त्याला व्याकरणात जागाच नसते. वास्तू मात्र दोन्ही वाक्ये उच्चारते. चर्चचा अक्ष आणि मक्केची दिशा यांत थोडा फरक असल्यामुळे मिहराब मध्यरेषेवर नाही. गालिच्यांच्या ओळीही इमारतीला तिरप्या पडल्या आहेत. दोन दर्शके एकाच वाक्यात थोड्या अंशांनी वेगळीकडे बोट दाखवीत आहेत, आणि तो अंशांचा फरक वर्णनकाराने पुसू नये.

उलट दोषही आहे, आणि आज तो अधिक प्रतिष्ठित आहे. ‘दोन धर्मांचा सुंदर संगम’ असे म्हणून मोकळे होणारे गद्य मला भूतकाळात रमणाऱ्या गद्याहून अधिक आळशी वाटते. १९६७ मध्ये पोप सहावे पॉल ह्या वास्तूत, ती संग्रहालय असताना, गुडघे टेकून प्रार्थना करते झाले आणि तुर्कस्तानात त्याचा निषेध झाला. संगम इतका सहज असता तर एका माणसाचे गुडघे टेकणे इतके बोचले नसते. २०२४ पासून परदेशी अभ्यागतांस तिकीट घेऊन वरच्या सज्ज्यातच प्रवेश आहे. तळमजला उपासनेसाठी राखला आहे. यात्रिकाचे ‘येथे’ आता अक्षरशः ‘तेथे, खाली’ झाले आहे. हे नुकसान खरे आहे आणि ते नुकसान म्हणूनच लिहिले पाहिजे.

जवळच्याच खोरा ह्या मठमंदिरात हा प्रश्न नावातच कोरलेला आहे. ग्रीक ‘खोरा’ म्हणजे स्थान, प्रदेश, नगराबाहेरील भूमी. मराठी खोऱ्याशी त्याचे नाते जोडण्याचा मोह विद्यार्थ्यांनी आवरावा. चौदाव्या शतकातील भित्तिचित्रांत ख्रिस्ताला जिवंतांची ‘खोरा’ आणि मरियेला, जो कशातही मावत नाही त्याची ‘खोरा’ म्हटले आहे. साध्या स्थलनामाचे धर्मतत्त्व झाले. तुर्की ‘कारिये’ हे नाव गाव ह्या अर्थाच्या अरबी शब्दाकडे जाते, म्हणजे अर्थ पुन्हा भूमीवर उतरतो. २०२४ पासून येथेही नमाज होतो. ‘खोरा’ आणि ‘कारिये’ यांपैकी कोणते नाव वापरावे, हा लेखकापुढील खरा निर्णय आहे, आणि बहुतेक लेखक तो न घेताच लिहितात.

ह्याहून निराळे व्याकरण दोन ठिकाणी आढळते. दमास्कसची उमय्यद मशीद आठव्या शतकाच्या आरंभी योहानाच्या चर्चच्या जागी बांधली गेली. तिच्या दक्षिणेकडील बंद दारावर ग्रीक ख्रिस्ती लेख अजून आहे, आणि आत ज्या समाधीत योहानाचे मस्तक असल्याचे मानतात ती मुसलमानांना याह्या पैगंबराची म्हणून पूज्य आहे. २००१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल तेथे गेले, तेव्हा मशिदीत पाऊल ठेवणारे ते पहिले पोप ठरले. येथे भूतकाळाचा आश्रय घेण्याचे कारण नाही. ‘येथे’ एकच आहे, नावे दोन.

दुसरे ठिकाण ऑलिव्ह पर्वतावरील स्वर्गारोहणाचे. एगेरिया त्यास इम्बोमोन म्हणते आणि झावळ्यांच्या रविवारी तेथे जमलेल्या लोकांचे वर्णन करते. धर्मयोद्ध्यांनी बांधलेली अष्टकोनी वास्तू वर उघडी होती. ११८७ नंतर ती मुसलमानांकडे गेली. कमानी भिंतींनी बंद झाल्या, वर घुमट आला. ईसाचे आकाशात उचलले जाणे मुसलमानही मानतात. जमिनीतील शिळेवर पावलाची खूण दाखवितात, आणि स्वर्गारोहणाच्या सणाला निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांना तेथे उपासना करू देतात. अंगणाच्या भिंतीत त्या दिवसाच्या तंबूंचे दोर बांधण्यासाठी आकडे बसविलेले आहेत, आणि वर्षातील उरलेले दिवस ते तसेच रिकामे असतात.