खुर्ची, रांग आणि आपण

उन्हाळा जवळ आला की आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत चहाच्या टेबलापाशी दोन विषय हमखास निघतात. भारतातून आई-वडील कधी येणार, आणि आले की त्यांना ऑरलँडोला कधी न्यायचं. आणि ऑरलँडोचं नाव निघालं की कुणीतरी आवाज जरासा खाली आणून सांगतंच, "आईंसाठी व्हीलचेअर घ्या हं. लाइनच लागत नाही!"

हा सल्ला मला २००९ साली मिळाला. मी तो पाळला, आणि पुढे तीन-चार घरांना पोचवलाही. तेव्हा आज जी टीका करणार आहे, तिची सुरुवात माझ्यापासूनच व्हायला हवी.

आई त्या वर्षी बहात्तर वर्षांची होती. सांगलीच्या घरात ती जिना आडवं पाऊल टाकून चढायची आणि वर पोचल्यावर "काही होत नाही मला" असं कुणी न विचारता सांगायची. व्हीलचेअरचं मात्र तिला वावडं नव्हतं. आपल्यापैकी बहुतेकांचे आई-वडील येतात तसे विमानतळावर खुर्ची सांगूनच ती आली होती. त्या खुर्चीचा आणि गुडघ्यांचा फारसा संबंध नसतो हे आपल्याला ठाऊक आहे. खुर्ची ढकलणारा मुलगा बरोबर असला की फॉर्म भरला जातो, इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नांना सोबत मिळते आणि सामानाच्या पट्ट्यापर्यंत वाट चुकत नाही. आपण एरवी दुभाषा मागितला असता. तो मिळत नाही म्हणून खुर्ची मागतो. त्याबद्दल मी कुणाला दोष देणार नाही. पण खुर्ची म्हणजे वाट मोकळी करून देणारी वस्तू, ही समजूत आपल्या घरांत शिरली ती तिथूनच, असं मला वाटतं.

ऑरलँडोला आम्ही दोन कुटुंबं मिळून गेलो. आम्ही तिघं, आई, आणि न्यू जर्सीतले आमचे शेजारी आपल्या दोन मुलांना घेऊन. मॅजिक किंगडमच्या प्रवेशद्वाराजवळ खुर्ची भाड्याने घेतली. पहिले दोन तास मी त्या जागेच्या प्रेमातच पडले. इतकी प्रचंड जागा, आणि कुठे पायरी आडवी येत नाही. जिथे चढ आहे तिथे अलगद उतरण आहे. पुरुषाला आपल्या आईला किंवा बायकोला मदत करायला आत जाता येईल अशी वेगळी स्वच्छतागृहं आहेत. ज्यांनी म्हाताऱ्या माणसाला घेऊन प्रवास केलाय त्यांना यातली किंमत कळेल. मेन स्ट्रीटवर घोड्याच्या ट्रामचे रूळ आहेत, त्यात खुर्चीची पुढची लहान चाकं अडकतात, तेवढं सांभाळायचं. बाकी रस्त्यांना नावं ठेवायला जागा नाही.

नावं ठेवायची तर रांगांना. हे पार्क १९७१ साली उघडलं. अपंगांसाठीचा कायदा, ज्याला इथे सगळे एडीए म्हणतात, त्यावर थोरल्या बुश यांची सही झाली ती जुलै १९९० मध्ये. म्हणजे सुरुवातीच्या सगळ्या राइड्स कायद्याच्या एकोणीस वर्षं आधीच्या. त्यांच्या रांगा कठड्यांमधून वळत जाणाऱ्या, अरुंद. खुर्ची त्यात वळत नसे. मग खुर्चीला बाजूच्या किंवा बाहेर पडायच्या वाटेने आत घ्यायचे. लांब रांगेतल्या लोकांना दिसायचं ते एवढंच, की खुर्ची आली आणि गेली! खरं तर ती सवलत नव्हती, बांधकामातल्या उणिवेची ती डागडुजी होती. आणि त्या बाजूच्या वाटेत नुकसानही होतंच. हाँटेड मॅन्शनची निम्मी गंमत रांगेतल्या थडग्यांवर काय कोरलंय ते वाचण्यात आहे, आणि आत खुर्चीतून उठून त्यांच्या फिरत्या आसनात बसता आलं पाहिजे. पीटर पॅनच्या राइडला तर सरकत्या पट्ट्यावरून स्वतःच्या पायांनी चढावं लागतं. पट्टा थांबत नाही. ज्याला चालताच येत नाही त्याने बाहेर थांबायचं.

आई थांबली. 'स्मॉल वर्ल्ड' मध्ये मात्र खुर्चीसकट चढता येईल अशा होड्या आहेत, तिथे आम्ही सगळे तिच्याबरोबर बसलो. जगभरच्या बाहुल्या, ती एकच धून, आईला मजा वाटली. बाहेर आलो तर मुलांना पुन्हा जायचं होतं, आणि तोवर रांग पाऊण तासाची झाली होती. शेजारी म्हणाले, "काकू, तुम्ही काही करू नका, नुसत्या बसून राहा." आम्ही पुन्हा गेलो. दुपारी तिसऱ्यांदा. मधे जंगल क्रूझ. ऊन वाढत होतं. आईला झाडाखाली बसायचं होतं, हे ती एकदा म्हणाली आणि आमच्यापैकी कुणीही ऐकलं नाही. मी ऐकलं होतं खरं तर. "एवढी एकच, आई," असं मी म्हणाले.

रात्री हॉटेलात तिच्या गुडघ्यांना तेल लावत होते. ती म्हणाली, "मी काय तुमचा पास आहे का गं?"

रागाने नाही म्हणाली. नुसतं विचारलं. मग थोड्या वेळाने म्हणाली, पंढरपूरला बारीत उभी राहायचे तेव्हा पाय दुखायचे, पण पुढचा-मागचा माणूस ओळखीचा होऊन जायचा. इथे कुणाशी बोलताच आलं नाही, सगळे नुसते बघत होते.

ते बघणं मला दिवसभर दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ॲनिमल किंगडमला गेलो आणि मी सगळ्यांना सांगून टाकलं की आज आई म्हणेल तिथे. तिला सर्वांत आवडला तो 'महाराजा जंगल ट्रेक'. तिथे राइड नाही. पायवाट आहे, वाघ आहेत, मोठी वटवाघळं आहेत, आणि कुठल्याशा काल्पनिक भारतीय संस्थानाचे भग्न अवशेष. खुर्ची सगळीकडे जाते, आणि इतरांच्याच वाटेने जाते. एका भिंतीजवळ थांबून आईने पोपडे निघालेला गिलावा बोटाने चाचपून पाहिला. "हे पडकं आहे की पडकं बांधलंय?" मी म्हटलं, बांधलंय. "पैसे खर्चून?" ती हसत सुटली. शेजारी उभ्या असलेल्या एका अमेरिकन आजी का कोण जाणे तिच्याबरोबर हसायला लागल्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं.

मे २०१३ मध्ये 'न्यूयॉर्क पोस्ट' मध्ये बातमी आली, की मॅनहॅटनमधल्या काही श्रीमंत आया डिस्नेमध्ये रांग चुकवण्यासाठी अपंग माणसं भाड्याने घेतात. तासाला १३० डॉलर. मंडळाच्या पिकनिकला त्यावर केवढी चर्चा झाली! काय ही माणसं, पैशाचा माज, यांना लाज कशी नाही. मीही मान डोलावत होते. घरी येताना गाडीत नवरा म्हणाला, "त्या निदान पैसे तरी देत होत्या." आम्ही आईला एक डॉलरही दिला नव्हता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नेने जुनं 'गेस्ट असिस्टन्स कार्ड' बंद केलं आणि 'डिसॲबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस' आणली. म्हणजे थेट आत जायचं नाही, परत यायची वेळ मिळते. तोवर रांगेबाहेर थांबा. नव्या राइड्सच्या रांगाही रुंद झाल्या, खुर्ची त्यातूनच जाते, इतरांच्या बरोबरीने. २०१० च्या नियमांनुसार मार्च २०१२ नंतरच्या नव्या राइड्समध्ये खुर्चीला जागा किंवा खुर्चीतून सरकून बसता येईल असं आसन असावंच लागतं. आपल्या चहाच्या टेबलावरचा सल्ला म्हणजे केव्हाच शिळा झालाय, निव्वळ खुर्चीमुळे रांग चुकत नाही. तो तरीही दिला जातो, आणि आई-वडील तरीही पास म्हणून नेले जातात.

मग २०२४ साली नियम आणखी आवळले. ही सेवा मुख्यतः ऑटिझम किंवा तशा प्रकारच्या विकासात्मक अपंगत्वामुळे रांगेत फार वेळ थांबू न शकणाऱ्यांसाठी ठेवली. व्हिडिओवर मुलाखत, आणि खोटं सांगितल्याचं आढळलं तर पार्कमध्ये कायमची बंदी. या नियमावर मी दोन्ही बाजूंनी वाद घालू शकते. ज्या मुलाला गोंगाटात, गर्दीत, चाळीस मिनिटं उभं राहणं म्हणजे खरोखरची यातना आहे, त्याच्यासाठी रांग हाच जिना असतो; त्याला उतरण हवीच. पण आपल्या लेकराला काय काय जमत नाही याची यादी अनोळखी माणसासमोर वाचून दाखवणं कुठल्या आईला सोपं जाईल? आणि ज्यांना पोटाचा विकार आहे, हृदयाचा आहे, ज्यांचं दुखणं दिसत नाही, त्यांना बऱ्याचदा वेगळी, कमी सोयीची व्यवस्था मिळते. मला कंपनीचा राग येतो तो इथे. पण त्या मुलाखतीतला प्रत्येक अवघड प्रश्न कुणामुळे विचारावा लागतो, हेही मला ठाऊक आहे. मी तीन वेळा 'स्मॉल वर्ल्ड' मध्ये बसले होते.

कंपनीवरचा माझा दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. १९९९ साली फास्टपास आला तेव्हा तो सगळ्यांना फुकट होता. २०२१ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या सोयीला ऑरलँडोत दिवसाला माणशी पंधरा डॉलर पडू लागले. २०२४ च्या अखेरीस त्याहून वरचा पास निघाला, आणि मॅजिक किंगडममध्ये गर्दीच्या दिवशी त्याचा दर माणशी ४४९ डॉलरपर्यंत ठेवला होता. रांग न लावणं ही एकदा विक्रीची वस्तू झाली की ज्याला ती फुकट मिळते त्याच्याकडे लोक वेगळ्या नजरेने बघणारच. पाय नसलेला माणूस मग शेजाऱ्याला भाग्यवान वाटायला लागतो! टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला गॉर्डन हार्टमन यांनी आपल्या मुलीच्या नावाने २०१० मध्ये 'मॉर्गन्स वंडरलँड' उघडलं, तिथे अपंग व्यक्तीला प्रवेश फुकट आहे आणि झोपाळ्यावर खुर्चीसकट बसता येतं. तिथली फुकट गोष्ट कुणाच्या डोळ्यांत खुपत नसावी, कारण शेजारच्याच्या हातात तिची साडेचारशे डॉलरची पावती नाही.

हे सगळं मी २०२२ पर्यंत उभ्याने पाहिलेलं होतं. त्या डिसेंबरमध्ये घोट्याचं हाड मोडलेलं असताना, आधीच काढलेली तिकिटं वाया जाऊ नयेत म्हणून मी खुर्चीत बसून गेले. मुलगा, २००९ मध्ये आठ वर्षांचा होता तो, एकवीस वर्षांचा झाला होता. तो ढकलत होता. आई जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

खुर्चीतून काय दिसतं? पाठी दिसतात. पाठीवरच्या बॅगा दिसतात, त्या वळताना तुमच्या तोंडावर आपटतात. लोकांच्या हातातले कॉफीचे कप नेमके तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतात. परेडच्या वेळी तुम्ही तासभर आधी येऊन कडेला बसा, शेवटच्या मिनिटाला कुणीतरी आपलं मूल खांद्यावर घेऊन पुढे येतं आणि तुमच्याकडे वळून गोड हसतं. खुर्चीवाल्यांसाठी राखीव जागा असते, ती लवकर भरते. लोक मुलाशी बोलतात, माझ्याशी नाही: "शी ओके?" चालता चालता एकदम थांबून फोनमध्ये बघणारी माणसं सर्वांत वाईट, खुर्चीला पटकन ब्रेक लागत नाही. पण दुसरी बाजूही सांगते. बॅटरीवरची स्कूटर चालवणारे काही जण गर्दीत हॉर्न वाजवत घुसतात, माझ्या चांगल्या पायावरून एकीचं चाक जाता जाता राहिलं. खुर्चीत बसल्याने सभ्यता आपोआप येत नाही.

रात्री आतषबाजी संपल्यावर बसची रांग. तिथे खुर्च्या आधी चढवतात; उतरण बाहेर येते, ड्रायव्हर पट्टे बांधतो, पाच-सात मिनिटं जातात. झोपलेली मुलं खांद्यावर घेतलेले आई-बाप तेवढा वेळ उभे. माझ्यामागून एक गृहस्थ बऱ्यापैकी मोठ्याने बायकोला म्हणाले, "बघ हं, हॉटेलवर पोचल्यावर या उठून चालायला लागतील." मराठीत म्हणाले. आपल्याला इथे कुणी समजणार नाही असं त्यांना वाटलं असणार.

मी वळून बघितलं नाही. मुलाने बघितलं. त्याला मराठी बोलायला जड जातं, पण समजतं सगळं. तो काही बोलला नाही, पण बसमध्ये माझ्या शेजारी न बसता उठून उभा राहिला आणि त्या गृहस्थांच्या बायकोला, जिच्या खांद्यावर मूल झोपलं होतं, ती जागा दिली. "बसा, मावशी," एवढं तो म्हणाला. ती बसली. पुढची वीस मिनिटं आम्ही चौघंही खिडकीबाहेर बघत होतो.

गेल्या महिन्यात मंडळातल्या एका मुलीचा फोन आला. सासूबाई येणार आहेत, ऑरलँडोला जायचंय, खुर्चीचं काय करायचं? तिला सांगितलं: सासूबाईंना आधी विचार. खुर्च्या दारापाशी मिळतात पण संपतात, सकाळी जा. बसायला उशी घरून ने, तिथलं सीट कडक असतं. रुळांपाशी खुर्ची उलटी फिरवून मागची चाकं आधी काढ. दुपारी दोन ते चार त्यांना सावलीत बसू दे, मुलांना नवऱ्याबरोबर पाठव. आणि त्या ट्रेकला नक्की ने, पडक्या वाड्याच्या.

"आणि लाइन?" तिने विचारलं.

लाइन लावावी लागेल, म्हटलं.